डोहाच्या वाट्याचं पाणी

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावाच्या वर नदी अडवून केलेला एक तलाव आहे. पुंजाजी तिथला चौकीदार. रोजंदारीवर लागला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या, कायम होण्याची वाट बघता बघता त्या पिकल्या. काम एवढंच, की साहेब सांगतील तेव्हा चाक फिरवून दार उघडायचं आणि सांगतील तेव्हा बंद करायचं. कालव्याचं दार दरवर्षी उघडायचं. नदीच्या दाराला मात्र गंज चढला होता.

तलावाखाली कोसभरावर जांभळीचा डोह. मरळ, शिंगटा, वांब, सगळी मासळी उन्हाळा तिथं काढायची आणि पूर आला की नदीभर पसरून अंडी घालायची. पूर्वी वैशाखातही डोहात बारीक धार पडायची. तलाव झाल्यापासून माघातच धोंडे उघडे पडू लागले, आणि डोह दरसाल थोडा थोडा आटत गेला. डोह आटला तर नदीत बी म्हणून मासा उरणार नाही, हे पुंजाजीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दिवाळीनंतर पाणीवाटपाची बैठक व्हायची. त्र्याण्णव साली तो पहिल्यांदा तिथं उभा राहिला. "साहेब, गव्हाला वाटा हाये, गावाला प्यायला हाये, उन्हानं उडून जातं त्यालाबी धरता तुमी. मंग मासळीला काहून न्हाई?"

"मासळीला म्हणावं, अर्ज दे," सरपंच म्हणाले आणि बैठक हसली. पुढं साहेब बदलले, सरपंच बदलले, हसणं तेच राहिलं. पुंजाजीही दरवर्षी उठायचा. शेवटी शेवटी तर तो उठला की लोक आधीच हसायचे.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात एक नवे साहेब आले. दौरे करकरून तेही थकलेले दिसत होते. ते म्हणाले, "होळीनंतर नदीचं दार थोडं वर ठेवा. धार तुटू देऊ नका. पण लेखी काही मागू नका." पुंजाजीला खरंच वाटेना. त्यानं चाकाला तेल घातलं, दार उचललं आणि पाण्यासोबत डोहापर्यंत चालत गेला. एवढा आनंदी मी त्याला पुन्हा पाहिला नाही.

चैत्र संपेपर्यंत डोह पुन्हा खाली गेला. दार तर उघडंच होतं. पुंजाजी काठाकाठानं वर चालत निघाला, तर जागोजाग पाणी उपसायच्या मोटारी बसलेल्या. तांड्यावरचा लालसिंग त्याला मानणारा माणूस, पण तोही बांधावरून म्हणाला, "दादा, होळीपासून डोहात कुणी गळ टाकला का? आमी रीत मोडली न्हाई."

ते खोटं नव्हतं. होळीपासून नदी वाहती होईपर्यंत डोहातल्या मासळीला हात लावायचा नाही, ही आमची जुनी रीत. ती गावानं पाळली, तांड्यानं पाळली, अगदी चोरट्या पोरांनीही पाळली. मासा कुणी धरला नाही, फक्त त्याचं पाणी उपसून घेतलं. वर छाती काढून सांगत होते. आमच्या गावाच्या अकलेला खरंच हात जोडावेत!

डोहाच्या अगदी वरची मोटार पुंजाजीच्याच पोराची होती. रत्नपालनं पाइपावर पळसाच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या.

"बाबा, भुईमुगाच्या शेंगा भरून राहिल्या. पाण्याच्या दोनच पाळ्या लागतात."

"अन् लालसिंगला मी काय तोंड दाखवू?"

"त्याची बंद करा, मंग माझी करतो."

पुंजाजी तिथंच काठावर बसला. पाइप ओढून काढायला त्याला कुणी अडवलं नसतं. पण त्यानं काढला नाही. पुरता थकला होता तो. उठला आणि घरी गेला.

वैशाखात डोहाचा चिखल झाला. मासळीच्या पाठी उघड्या पडल्या, बगळे जमले. तरी माणसं हात लावीनात. काठावर उभी राहून पुंजाजीचं तोंड बघत होती.

"न्या आता," तो म्हणाला. "सडण्यापरीस खाल्लेली बरी."

रत्नपाल पाटीभर मरळ घेऊन आला. पुंजाजीच्या बायकोनं, जनकाबाईनं, संध्याकाळी रस्सा केला. सगळ्यात मोठ्या मरळीच्या पोटात गाभोळी निघाली, अंड्यांनी गच्च भरलेली. ती घरातल्या कर्त्या माणसाची, म्हणून तिनं ती पुंजाजीच्या ताटात वाढली.

तो भाकरी हातात धरून गाभोळीकडं बघत राहिला. "महिनाभरानं हे सगळं नदीत असतं," तो म्हणाला.

रत्नपालनं रश्शात भाकरी कुस्करली.

"खा आता. निवून राहिलं," जनकाबाई म्हणाली.

पुंजाजीला भूक लागली होती. त्यानं गाभोळी मोडली आणि खाल्ली.