केतकीच्या हातावर उठलेला चौकोन

माझ्या मुलीच्या आजाराचं निदान मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. अलंकारिक बोलत नाही, खरोखरच टाकलं.

मस्कतमधलं हॉस्पिटल, ॲलर्जीच्या डॉक्टरांची खोली. नर्सनं केतकीच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, पातळ पिशवीतला बर्फाचा खडा ठेवला, "पाच मिनिट" म्हणाली आणि बाहेर गेली. दोन मिनिटांत पिशवी गळायला लागली. आता मी पडलो मस्कतजवळच्या बरका गावातल्या बर्फाच्या कारखान्यातला मेकॅनिक. सव्वीस वर्षं झाली, गळती दिसली की हात आपोआप पुढे जातो. मी पिशवी उचलली, डब्यात टाकली, टिश्यू पेपरनं तिचा हात कोरडा केला आणि वर म्हटलं, "काय यांची सर्व्हिस!"

"बाबा," केतकी म्हणाली, "ती टेस्ट होती."

डॉक्टरबाई आत आल्या. ओमानी, चाळिशीच्या, अबायावर पांढरा कोट, आणि हिंदी आमच्यापेक्षा चांगलं. "मेरा टेस्ट किधर गया?" मी डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "यल्ला, दूसरा हाथ. और पापा, आप दोनों हाथ जेब में."

उजव्या हातावर पाच मिनिटं बर्फ. मग तो काढून दहा मिनिटं वाट बघायची. आधी कातडी पांढरी पडली, मग लाल झाली आणि मग हळूहळू तिथे एक चौकोन वर आला. अगदी खड्याच्या आकाराचा, चारही कोपरे शाबूत. आमच्या कारखान्याच्या साच्यातूनसुद्धा इतका नेटका तुकडा निघत नाही.

"कोल्ड अर्टिकेरिया," डॉक्टरबाई म्हणाल्या. अर्टिकेरिया म्हणजे आपण ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो ते. पित्ताच्या गांधी, खाज, सूज. कोल्ड म्हणजे ते सगळं गारव्यानं होणं.

"काम क्या करती हो?" त्यांनी विचारलं.

"आईस हॉकी खेळते. प्रोफेशनल."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बर्फ पे?"

"बर्फ पे."

हा २०१६ सालचा मे महिना. बाहेर पंचेचाळीस अंश.

आता मागचं थोडं सांगायला हवं. बरक्याच्या मासळीबाजाराला बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात मी कॉम्प्रेसर सांभाळतो. मूळचे आम्ही राजापूरकडचे. केतकी सात वर्षांची असताना मस्कतच्या स्केटिंग रिंकचं कूलिंग बिघडलं, आणि आमच्या अर्बाबनं, म्हणजे मालकानं, मदतीला मला पाठवलं. शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिलाही नेलं. मी खाली पाइपांमध्ये आणि ती वर बर्फावर. संध्याकाळी कूलिंग दुरुस्त झालं, पण मुलगी बिघडली. ती त्या बर्फावरून उतरायलाच तयार नव्हती.

पुढे रिंकवरच्या गोऱ्या मुलांच्या संघात ही एकटी मुलगी, हेल्मेट नाकापर्यंत. मग शिष्यवृत्तीवर कॅनडातलं कॉलेज, आणि तिथून युरोपातल्या एका छोट्या गावाच्या महिला संघाचा करार. ती डिफेन्समध्ये खेळते, म्हणजे समोरून धावून येणाऱ्या बायकांना अडवते. हे सगळं मी गावी थोरल्या भावाला पत्रानं कळवलं तेव्हा त्याचा फोन आला, "आईस हॉकी, हे समजलं. मग बापास काय? क्रिकेट?"

पहिला हंगाम संपवून ती एप्रिलमध्ये घरी आली. आल्या आल्या फ्रिजमधल्या पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि दहा मिनिटांत ओठ टरारून सुजले. तळवे लाल. आम्ही आधी सुरमईवर संशय घेतला, मग कोळंबीवर, मग शेंगदाण्यांवर. आठवडाभर घरात दुधी भोपळा.

कोकणी माणसाकडे पित्तावर एकच उपाय, आमसुलं. नंदानं, माझ्या बायकोनं, आमसुलं भिजवून कोळ काढला. त्यात मी माझ्या परीनं सुधारणा केली. गार असेल तर पोरीला बरं वाटेल म्हणून वाटी तासभर फ्रीजरमध्ये ठेवली. मग तो कोळ तिच्या हातापायांना चोळला. जिथे जिथे चोळला तिथे तिथे गांधी! आम्ही निष्कर्ष काढला की आमसुलं जुनी झाली. इथल्याच सहम गावी माझा मेहुणा असतो, त्याच्याकडून ताजी मागवली. तीही मी गार केली.

हे वाचून हसा, पण एक लक्षात ठेवा. घरगुती उपायानं त्रास वाढत असेल तर उपाय थांबवा आणि डॉक्टर गाठा. आम्ही तीन आठवडे घालवले.

निदानाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला खोदून खोदून विचारलं, आणि तेव्हा आम्हाला न सांगितलेली गोष्ट बाहेर आली. मॅचनंतर खेळाडू बर्फाच्या पाण्यात बसतात, स्नायूंना आराम पडावा म्हणून. फेब्रुवारीत एकदा ती अशीच टबमध्ये बसली आणि उठताना डोळ्यांपुढे अंधार आला. कमरेपर्यंत गांधी. संघातल्या मुलींना वाटलं, दमली असेल. हिलाही तेच वाटून घ्यायचं होतं.

डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. "यही सबसे खतरनाक है." सगळं अंग एकदम गार पाण्यात गेलं तर ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो, म्हणजे शरीर एकाच वेळी सगळीकडे भडकतं, रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. पाण्यात असताना तसं झालं तर माणूस बुडतो. "स्विमिंग पूल, समुंदर, आईस बाथ, सब खलास."

"आणि हॉकी?" केतकीनं विचारलं.

"देखेंगे."

जुलैअखेरपर्यंत तिच्या क्लबला डॉक्टरांचं पत्र पोचायला हवं होतं, ही मुलगी खेळायला योग्य आहे असं. नाहीतर करार पुढे चालणार नव्हता. आमच्या हातात दोन महिने होते.

तिथून हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रतीक्षालयात बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. मी या बाजूला टोकन धरून, त्या दोघी पलीकडे. नंदा मोबाइलवर मेसेज पाठवायची, "पाय हलवू नका, शेजारचे गृहस्थ वैतागलेत."

रक्त बऱ्याच वेळा काढलं. त्यात क्रायोग्लोब्युलिन नावाची एक टेस्ट होती. रक्तातली काही प्रथिनं गारव्यानं गोठतात का, ते बघणारी. त्यासाठी नमुना लॅबपर्यंत कोमट ठेवावा लागतो, म्हणून नर्स नळी गरम पाण्याच्या थर्मासमधून न्यायची. आयुष्यभर माल गार ठेवायची काळजी वाहिलेला मी, तिच्यामागून "सिस्टर, झाकण घट्ट लावा, गार होईल" असं ओरडत लॅबपर्यंत गेलो. रिपोर्ट नॉर्मल आला. दुसरा कुठला आजार मागे लपलेला नव्हता.

उपचार म्हणाल तर अँटिहिस्टामिनच्या गोळ्या. ॲलर्जी झाली की शरीर हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतं, त्याचं काम ही गोळी अडवते. आधी रोज एक. दोन आठवड्यांनी पुन्हा बर्फाचा खडा, पुन्हा चौकोन, पण जरा पुसट. मग दोन. मग चार. हा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा, आपल्या मनानं वाढवायचा नाही. तसंच बर्फाची ही टेस्ट घरी करून बघू नका. तिच्यात कशी ढवळाढवळ होते, ते तुम्ही वाचलंच आहे.

शिवाय ॲड्रेनलिन पेन. श्वास अडकला तर मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन. शिकायला बिनसुईचं पेन देतात. मी ते मोठ्या ऐटीत उलटं धरलं आणि स्वतःच्या अंगठ्यावर दाबलं.

"पापा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "असली होता तो अभी आप ही पेशंट होते."

आता एक कबुली. पहिल्या दिवशी तो चौकोन वर आला तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? काळजी आलीच. पण काळजीच्या आधी, अगदी अर्धा क्षण, आलं ते "बरं झालं." पाच वर्षं मुलगी परक्या देशांत. दात सांधलेला, खांदा एकदा निखळलेला. आता घरी राहील, मस्कतमध्ये नोकरी बघेल, आपल्या समोर जेवेल. एवढं सगळं त्या अर्ध्या क्षणात येऊन गेलं. आजारी माणसाच्या घरच्यांच्या मनात असले चोर शिरतात. तुमच्याही शिरले तर घाबरू नका. फक्त त्यांना चहा विचारू नका.

माझा चोर मात्र दोन महिने मुक्कामाला होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चौथ्यांदा खडा ठेवला. दहा मिनिटं झाली. हात स्वच्छ. केतकीनं आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाथ ठीक है. लेकिन खेलती पूरी लडकी है, सिर्फ हाथ नहीं." त्यांना तिला बर्फावर बघायचं होतं, पाऊण तास. अट एकच. पेन घेतलेला माणूस तिच्याजवळ हवा, आणि तोही बाहेर बाकावर नाही, बर्फावरच.

तिचे जुने कोच उन्हाळ्यासाठी मायदेशी गेलेले. नंदा म्हणाली, "अहो, एवढी वर्षं बर्फ विकताय. उभं राहता येईलच की."

शुक्रवारी सकाळी आम्ही रिंकवर पोचलो. डॉक्टरबाई सुट्टी असून आल्या, हातात करक चहाचा पेला. मी आयुष्यात पहिल्यांदा स्केट्स घातले. लहान मुलांना आधाराला प्लॅस्टिकचे पेंग्विन असतात, ढकलत न्यायचे. त्यातला एक मला मिळाला. त्रेपन्न वर्षांचा मी, खिशात ॲड्रेनलिन, समोर पेंग्विन. शेजारून चार-पाच वर्षांच्या ओमानी मुली हात सोडून भिरभिरत होत्या. त्यातली एक माझ्यासाठी थांबली आणि पेंग्विन कसा धरायचा ते अरबीत समजावून गेली.

केतकी सुटली. इतकी वर्षं मी तिचा खेळ काचेपलीकडून बघितला होता, आणि खाली कॉम्प्रेसरच्या घरघरीत तर ऐकलाच नव्हता. जवळून तो वेगळाच आवाज असतो, मोठ्या कात्रीनं ताठ कापड कापल्यासारखा. ती आली, माझ्यापासून हातभर अंतरावर वळली, बर्फाचा फवारा माझ्या गुडघ्यांवर उडाला. मी बर्फ करतो तो मेलेल्या माशांसाठी. त्यावर कोणी इतकं जिवंत असू शकतं, हे मला मुलगी तेवीस वर्षांची झाल्यावर कळलं.

विसाव्या मिनिटाला ती एकदम थांबली. हातमोजा काढला आणि मान खाजवायला लागली.

मला बाकी काही आठवत नाही. पेन खिशातून बाहेर आलं, पेंग्विन एका दिशेला गेला, मी दुसऱ्या. आपटलो, पण पेन वर धरलेलं. सुलटं. ती दोन ढांगांत माझ्याजवळ आली, काखेत हात घालून मला उभं केलं.

"बाबा, घाम आहे! घाम आला मला!"

"गांधी नाहीत ना? नीट बघ."

"बघा तुम्हीच." तिनं मान पुढे केली. घामच होता. बर्फावर, घाम. मी बोटानं पुसून बघितला आणि तेव्हा मला समजलं की पडताना मनात "देवा, नको" एवढंच होतं. चोर कधी गेला कळलं नाही. जाताना माझं माकडहाड मात्र घेऊन गेला.

पाऊण तासानंतर डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून तिचे हात, चेहरा, गळा तपासला. ओठ, जीभ बघितली. मग म्हणाल्या, "मैं लेटर लिखूँगी. गोली रोज, दो पेन टीम के बॅग में, ठंडे पानी में कभी नहीं. बाकी इन्शाल्ला." केतकी त्यांच्या गळ्यात पडली, जॅकेटसकट. त्यांचा चहा सांडला.

ती ऑगस्टमध्ये गेली. त्यानंतर आणखी तीन हंगाम खेळली, शेवटचा कप्तान म्हणून. मधे एकदा गोळी विसरली आणि मान सुजली. तेव्हा संघातल्या मुलींनीच तिला बर्फावरून ओढून बाहेर काढलं. हा आजार काहींचा काही वर्षांत आपोआप ओसरतो. तिचा ओसरतोय असं दिसतं. आता चारच्या जागी एक गोळी.

तुमच्या घरात कोणाला गार पाण्यानं, थंड वाऱ्यानं, आईसक्रीमनं गांधी उठत असतील, तर त्याला लाड किंवा नाटक म्हणू नका. एकट्याला पोहायला सोडू नका. आणि "आवडतं काम सोडून दे" असं पहिल्याच दिवशी सांगू नका. आमच्या डॉक्टरबाई "देखेंगे" म्हणाल्या आणि खरंच बघत राहिल्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्यांच्या त्या एका शब्दाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

हे लिहून झाल्यावर मी नंदाला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात बांगड्यांना मसाला लावत होती. "बरं झालं"पाशी मी अडखळलो. म्हटलं, "हे काढून टाकू का? लोक काय म्हणतील, बाप की कोण!"

"राहू दे," ती म्हणाली. "मलाही तेच वाटलं होतं." आणखी एक बांगडा उलटला, मसाला लावला. "म्हणून तर त्या शुक्रवारी निघताना मी देवापुढे नुसते हात जोडले. मागितलं काहीच नाही. म्हटलं, यानं तोंडचं सोडून नेमकं मनातलं ऐकलं तर?"