मनोहरचे हात मला एकदाच कळले

भूत दिसणं, करणी, अंगात येणं... हे सगळं माझ्याकडे नेहमी येतं, पण दुसऱ्यांच्या तोंडून. धरमपेठेत एका चष्म्याच्या दुकानावर माझी समुपदेशनाची छोटी खोली आहे. पंधराएक वर्षांत असल्या प्रत्येक गोष्टीमागे मला काहीतरी साधंच सापडलं — झोप नाही, दुःख बोललं गेलेलं नाही, घरात ऐकून घेणारं कुणी नाही. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवून म्हटलं असतं, सावकाश सांगा. नावं बदलली आहेत, आणि मनोहरच्या बहिणीला विचारून लिहितेय.

मनोहरला त्याची धाकटी बहीण शालू घेऊन आली. सक्करदऱ्याला राहतात. मनोहर पंचेचाळिशीचा. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. घरीच शिलाई मशीनवर कापडी पिशव्या शिवायचा. शालू एका होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करते.

"माय गेली तेव्हापासून बराबर जेवतच नाही," शालू म्हणाली. "मशीनवर बसत नाही. मी काही विचारलं का तोंड फिरवून घेते. काहून असं करून राहिला, काही समजत नाही, मॅडम."

अडचण अशी होती की मनोहर कधी शाळेत गेलाच नव्हता. लहानपण खेड्यात गेलं. त्याची जी काही भाषा होती ती त्यानं आणि त्याच्या आईनं मिळून घरात तयार केलेली. कानाची पाळी चोळली की शालू. हनुवटीला तळवा लावला की माय. असे शेकडो हातवारे, आणि ते पूर्ण कळणारं माणूस एकच होतं. शालूला त्यातलं निम्मंही येत नव्हतं. मी मूकबधिरांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला बोलावलं. तिनं अर्धा तास प्रयत्न केला आणि म्हणाली, "ही आमची साइन लँग्वेज नाही. ही यांच्या घरातली आहे."

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात की क्लायंटला आपल्या भाषेत ओढायचं नाही, आपण त्याच्याकडे जायचं. मी गेले... म्हणजे प्रयत्न केला. चित्रं काढली, घरातले फोटो मागवले, कापडाचे तुकडे दिले. तो सगळं सभ्यपणे बघायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा.

मग ती मे महिन्यातली दुपार. शालू त्याला सोडायला आली तेवढ्यात तिला मेसमधून फोन आला, दुसरी बाई आली नव्हती. "मॅडम, बसवता का त्याले तासभर? मी येतेच." मी हो म्हटलं. तिच्याशिवाय सेशन होणार नव्हतंच. मी कूलर त्याच्याकडे वळवला, सरबत दिलं आणि समोर बसून राहिले.

थोड्या वेळानं त्याचे हात हलायला लागले. आधी स्वतःशीच. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

पुढचं नीट सांगायचा प्रयत्न करते. मला काही ऐकू आलं नाही, खोलीत कुणाचा आवाज नव्हता. आपण वाचतो तेव्हा अक्षरं दिसायची थांबतात आणि नुसता अर्थ कळत जातो ना — तसं. त्याचे हात दिसत होते आणि तो काय म्हणतोय ते मला कळत होतं. अंदाज नाही. कळत होतं. आणि मी त्याला विचारलं, "मग काय झालं?" — तेही हातांनी. माझे हात ते कसं बोलले हे मला आजही सांगता येत नाही.

तो म्हणाला, त्या दिवशी शालू कामावर होती. मायला धाप लागली. तो शेजाऱ्यांना बोलवायला उठला तर मायनं त्याचा शर्ट धरला. कुणाला बोलवू नको, म्हणाली, बस माझ्याजवळ. पाणी पाज. मग म्हणाली, केस विंचर. त्यानं विंचरले, वेणी घातली. माय म्हणाली, शालूला सांग, मी भ्याले नाही. आणि गेली. शालू आली आणि त्याच्या छातीवर मारत रडली. ती काय ओरडत होती ते त्याला ऐकू आलं नाही, पण कळलं — कुणाला बोलावलं का नाहीस. आणि हे सगळं शालूला कसं सांगायचं, ते त्याला येत नव्हतं. त्याचे हात तिला तेवढे समजत नव्हते.

मी विचारलं, मी सांगू का तिला? तो म्हणाला, सांग.

शालू घाईघाईनं जिना चढून आली. मी तिला बसवलं आणि सांगितलं. वेणीचं सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

"वेणी होती," ती म्हणाली. "तिचा हात तर खांद्याच्या वर जात नव्हता, मीच घालून देत होती रोज. त्या दिवशी मी न घालताच गेली होती, घाई होती म्हणून. मी कुणाले बोलली नाही हे. माह्या नवऱ्यालेही नाही." मग भावाकडे बघत तिनं मला विचारलं, "तुमाले त्याचं समजलं कसं, मॅडम? माय होती का इथं?"

मनोहर तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता.

त्या रात्री तो पोटभर जेवला. दोन दिवसांनी मशीनवर बसला. मी शालूला म्हटलं, पुढच्या वेळी त्याला एकट्यालाच पाठव.

तो एकटा आला. इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट बसवून. बसल्याबरोबर त्याचे हात सुरू झाले. भराभर, मोकळे, मध्येच हसत. आईशी असाच बोलत असणार. आणि मला काहीही कळलं नाही. एक शब्दही नाही. समोर फक्त हात हलत होते.

मी मान हलवली. सावकाश, अशी खूण केली. त्यानं सावकाश केलं. मग अजून सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मग थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. आपल्याकडून काही चुकलं का, असं विचारत असल्यासारखं.

त्यानंतर तो दोनदा आला. मग शालूचा फोन आला, "तो नाही म्हणते, मॅडम. पण आता बरा आहे, जेवते-खाते."

माझ्या सिनियर बाईंना मी हे सांगितलं. त्यांचं म्हणणं, तू इतके दिवस त्याच्यासोबत बसत होतीस, चेहरा वाचलास, बाकीचं मनानं जोडलंस. वेणीचं काय, विचारलं तर म्हणाल्या, कुठेतरी बोलण्यात आलं असेल. आलं नव्हतं. मी माझ्या नोंदी पाहिल्या, शालूला पुन्हा विचारलं. मायच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या आठवणीसाठी सगळे जमले तेव्हाही, वेणीचा विषय निघाला नव्हता, असं शालू म्हणते.

लोक मला म्हणतात, चांगलंच झालं की, माणूस सावरला. हो, सावरला. पण आपलं बोलणं समजणारं माणूस त्यानं एकदा गमावलं होतं. मी त्याला ते दुसऱ्यांदा गमवायला लावलं. मे महिन्यातली ती दुपार झालीच नसती तर त्याचं भलं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

मागच्या महिन्यात शालू मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आली, सोबत मनोहर होता. मी हल्ली साइन लँग्वेजचा क्लास करतेय. त्यातलं दोन-चार करून दाखवलं. त्याला ते येत नाही. हसला, पाहुण्यांच्या पोराचं कौतुक करावं तसा. जाताना दारात थांबून त्यानं माझ्याकडे पाहिलं, दोन बोटं कपाळाला लावली आणि हात हळूच उघडला.

मी शालूला विचारलं, "काय म्हणतो?"

"हे नाही माहीत मले," ती म्हणाली. "हे मायलेच माहीत होतं."

तोवर तो जिना उतरून गेला होता.