सुतारबाईंची कोरी चिठ्ठी

"लिवायसारखं काय न्हाई? मग कोरी टाक. पर टाकल्याबिगर घरला जायाचं न्हाई!" दर शनिवारी शाळा सुटताना सुतारबाई तक्रारपेटी काखोटीला मारून दारात उभ्या असत. आधी ही पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर टांगलेली होती. चिठ्ठी कोण टाकतंय ते अख्खी शाळा बघणार, मग कोण मरायला टाकतंय! उचगावच्या आमच्या शाळेत आल्या आल्या बाईंनी ती खिळ्यावरून काढली आणि चिठ्ठी सगळ्यांनाच सक्तीची केली. आम्ही जाम वैतागायचो. पोरं चिठ्ठीवर बाईंचंच चित्र काढत. बाई सोमवारी ते वर्गात दाखवून म्हणत, "नाक जरा बारीक काढ की रं!"

मी तेव्हा आठवीत. आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर रोज हाताला धरून मला पुढच्या सीटवर बसवायचा, नको तिथं हात लावायचा आणि वर सांगायचा, "घरात बोललीस तर तुझीच शाळा बंद हुईल." मेल्याचं हे मात्र खरं होतं! आमच्या अप्पांचा स्वभाव मला ठाऊक होता, आणि मला तर शिकायचं होतं. एका शनिवारी मी जीव मुठीत धरून चार ओळी लिहिल्या. व्हॅन कोणती ते लिहिलं, माझं नाव घातलं नाही. सगळेच टाकत होते, त्यात माझीही गेली.

सोमवारी शाळा सुटली, तर बाई थेट आमच्या व्हॅनमध्ये! ड्रायव्हरने सवयीने माझा हात धरला, तशा गरजल्या, "सोड तिला! आज पुढची शिट माझी हाय." अहाहा, काय तो आवाज! दुसऱ्या क्षणी व्हॅनची किल्ली बाईंच्या मुठीत होती. मुख्याध्यापक धावत आले. "बाई, शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू."

"नावाचं ऱ्हाऊ द्या, सर. पोरगी जाईल त्येचं काय?" बाईंनी त्यांनाच बरोबर घेऊन पोलीस ठाणं गाठलं.

तिथून त्या आमच्या घरी आल्या. सगळं ऐकून अप्पा ताडकन उठले. "उद्यापास्नं हिची शाळा बंद!"

एरवी सगळ्यांना झापणाऱ्या बाई हळू बोलल्या. "दादा, मागं एक पोरगी अशीच माझ्याकडं आलती. म्या सरळ तिच्या बाला सांगून हात झटकले. त्यानं शाळा सोडवली, सोळाव्या वर्षी लगीन लावून दिलं. गुन्हा दुसऱ्याचा आन् घरात बसली पोरगी. माझीच चूक ती. तुमच्या पाया पडते, हिला बसवू नका."

अप्पा अंगणात जाऊन बसले. रात्री जेवलेही नाहीत.

सकाळी अंगणात मोटरसायकल सुरू झाली. "दप्तर घे की! बघतीयास काय?" अप्पा माझ्यावरच ओरडले.

शाळेच्या फाटकात बाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता जवळ घेतील, पाठीवरून हात फिरवतील. छे!

"घंटा झालीया की! पळ!"

आणि मी काय पळाले म्हणून सांगू!