पेढा की बर्फी

सातव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली आणि मला लाजच वाटली. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "गरोदरपणात होतं असं. पण साखर वाढली की बाळ नको तेवढं वाढतं, त्याला धोका असतो. जेवण जपा, जेवल्यावर चाला, इन्सुलिन चुकवू नका." मी मान डोलावली. डोक्यात एकच, ऊस पिकवणाऱ्या घरातली सून आणि तिलाच गोड बंद! लोक काय म्हणतील?

नवरा आणि सासूबाई सोडून कुणाला कळू दिलं नाही. इन्सुलिन मी न्हाणीघरात कडी लावून टोचून घ्यायची, चोरी केल्यासारखी.

मग डोहाळजेवण आलं. अंगावर फुलांचे दागिने, समोर उचगावच्या भावकीतल्या बायका. प्रत्येकीनं घास भरवायचा. श्रीखंड, जिलेबी, पुरणपोळी. नाही म्हणायचं धाडस मला होईना. "पोट बघा की, पैलवान हाय आत!" एक काकी ओरडल्या. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी उघडली त्यात पेढा होता. एकच गलका झाला. मी तो तोंडाशी नेला.

सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "तिला साखर हाय. आता कुणी कायबी भरवू नगा."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. तशीच उठून आतल्या खोलीत गेले. सासूबाई मागोमाग आल्या, तशी मी फटकन बोलले, "आत्या, चारचौघांत माझी अब्रू घालवलीत."

त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. पेढा अजून त्यांच्या मुठीत होता, पार चेंगरलेला.

"माझं पयलं लेकरू लई मोठं हुतं. ह्यातल्याच बायका पैलवान म्हणायच्या, पेढं चारायच्या. मलाबी बरं वाटायचं. बाळंतपणात अडकलं ते. रडलंच न्हाय. मागनं डॉक्टर म्हणाला, तुला साखर हुती. मी कुणाला सांगितलं न्हाय. लाज वाटली."

माझ्या नवऱ्याआधी कुणी होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांना तसं बोलल्याची लाज मघाच्या लाजेहून जास्त वाटली. कपाटातून साखर तपासायचं यंत्र काढून मी बोट त्यांच्यापुढे केलं.

आकडा वाढलेला बघून त्या उठल्या. "चल, चालून येऊ," एवढंच म्हणाल्या, आणि हात धरून मला सगळ्या बायकांमधून बाहेर घेऊन गेल्या. मान वर करायची हिंमत मला झाली नाही.