देवीचा इतिहास मी लिहिला

चाकणच्या एका कंपनीत मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. 'हिरवं बटण दाबण्यापूर्वी झाकण बंद असल्याची खात्री करा', असलं वाङ्मय. एवढ्या भांडवलावर रहाटणीतल्या आमच्या देवीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे चालून आलं. मंदिर समितीचे अध्यक्ष घरी आले, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "सर, तुमी लिवता ना? मग आपल्या देवीचं बी लिवा की. बाकीच्या देवळांना इतिहास हाय, आपल्याला न्हाई. बरं दिसतं का ते?"

बरं दिसत नव्हतंच. देऊळ नवं कोरं होतं. ग्रॅनाइटची फरशी, गाभाऱ्यात एसी, शिखरावर रंग बदलणारे दिवे. एसी देवीसाठी की अध्यक्षांसाठी, हे मी विचारलं नाही. अशा देवळाला इतिहास नसणं म्हणजे बंगला बांधून दारात गाडी नसण्यासारखं.

खरं म्हणजे इतिहास होता. तो देवळामागे पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होता. तिथल्या म्हाताऱ्या मावशींची सासू दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. एक दिवस खुरप्याला गोल दगड लागला. तिनं तो धुतला, कुंकू लावलं आणि बांधावरच्या कडुलिंबाखाली ठेवला. पुढे त्याला शेंदूर चढत गेला, कुणी चांदीचे डोळे बसवले, आणि ती आमची देवी झाली. बास. ना दृष्टांत, ना तलवार, ना कुणी राजा.

तेव्हापासून नवरात्राचा घट बसायचा तो मावशींच्या घरच्या मातीत. चारी बाजूंनी इमारती उठल्या, तरी खोल्यांमागे अंथरुणाएवढा जमिनीचा तुकडा त्यांनी केवळ त्यासाठी मोकळा राखला होता. घटस्थापनेच्या सकाळी त्या न्हाऊन टोपलीभर माती डोक्यावरून आणत. त्या येईपर्यंत पुजारी घटाला हात लावत नसे. एरवी वर्षभर त्यांना देवळात काळं कुत्रं विचारत नसे, पण त्या एका सकाळी सगळे बाजूला होऊन वाट देत. अध्यक्षसुद्धा.

हे मी दोन पानांत लिहून नेलं. अध्यक्षांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"राव, हे काय? बाईला खुरपताना दगड घावला? अशी कुठं देवी असती व्हय?"

"मग कशी असते?"

"जरा जुनं करा. आन् आमच्या पणज्याला बी घाला कुठंतरी."

मी तिथूनच उठून यायला हवं होतं. पण समिती जे पुस्तक काढणार होती, त्याच्या पहिल्या पानावर 'लेखक' म्हणून माझं नाव छापणार होते. आजवर माझ्या एकाही पुस्तकावर माझं नाव आलेलं नाही. तिथे यंत्राचं असतं. अंगावर मूठभर मांस चढलं आणि मी लिहायला बसलो.

आपल्याकडे देवीची गोष्ट ठरलेली. भक्त दर वर्षी पायी तुळजापूरला जातो. म्हातारपणी थकतो. देवी म्हणते, आता मीच तुझ्यामागे येते, पण मागे वळून पाहू नकोस. तो पाहतो. देवी तिथेच थांबते. महाराष्ट्रातल्या कितीतरी देव्या अशा कुणाच्या तरी मानेपायी जागच्या जागी बसल्या आहेत. इतक्या वर्षांत एकाही भक्ताला एक साधी सूचना पाळता आली नाही, याचं माहितीपुस्तकं लिहिणारा म्हणून मला विशेष वाईट वाटतं. तर त्या भक्ताच्या जागी मी अध्यक्षांचे पणजोबा बसवले. वर पदरचं एक वाक्य देवीच्या तोंडी घातलं: 'दर वर्षी तुझ्या शेतातल्या मातीत माझा घट बसव.' वाक्य झकास जमलं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि मावशींची माती?"

"गोष्ट आहे ती. गोष्टीनं कुणाचं काय बिघडतं?" मी म्हणालो.

पुस्तक छापलं गेलं. तोच मजकूर संगमरवरावर कोरून देवळाच्या दाराशी लागला. आणि त्या वर्षी घटाची माती आली ती अध्यक्षांच्या फार्महाऊसवरून. पणजोबांचं रहाटणीतलं शेत विकून तिथे केव्हाच टॉवर उभा राहिला होता. देवीनं तेवढं समजून घ्यायचं. माती पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर होती, पुढे ढोलताशा, वर ड्रोन. मावशी टोपली घेऊन दारात आल्या, तेव्हा एका कार्यकर्त्यानं त्यांना अदबीनं बाजूला घेतलं.

"मावशी, औंदापासनं नको. बोर्डावर लिवलंय, वाचा की."

मावशींना वाचता येत नाही. त्या टोपली तशीच डोक्यावर घेऊन परत गेल्या. मी खांबापाशी उभा होतो, अंगावर शाल आणि हातात नारळ घेऊन. सत्कार माझाच होता. मला लाज वाटली, पण शाल काही मी काढली नाही.

मग मी देवीवर भिस्त ठेवली. म्हटलं, निदान घटातलं धान्य तरी उगवणार नाही. कसलं काय! पाचव्या माळेला बोटभर, सातव्या माळेला वीतभर, असं तरारून आलं की लोक फोटो काढायला रांग लावू लागले. "शेवटी मूळ जागेची माती ती," असं एक आजोबा मला समजावून सांगत होते. त्यांनी माझंच पुस्तक वाचलेलं होतं.

आठव्या माळेला मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, तो बोर्ड काढा, ते सगळं मी मनानं लिहिलंय. ते प्रेमानं हसले. "सर, मनानं कोण लिवतंय? देवीनंच लिवून घेतलं तुमच्याकडनं." म्हणजे मान मावशींचा गेला तो गेलाच, लेखक म्हणून माझंही श्रेय गेलं.

खंडेनवमीच्या दुपारी मी देवळामागच्या खोल्यांत गेलो. कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो, पण मावशीच आधी बोलल्या.

"बरं झालं आलास बाबा. नातीकडनं तुझं पुस्तक वाचून घेतलं. दोनदा." मग त्या हातातल्या बांगड्या फिरवू लागल्या. "सासू माझी गुणाची बाई व्हती रे. मरस्तवर म्हनायची, मला घावली, मी आणली. असं खोटं कशापायी बोलली आसंल ती?"

मी म्हणालो, "मावशी, त्या खोटं नाही बोलल्या. खोटं मी लिहिलंय. तो पणजोबा, ते तुळजापूर, ते देवीचं बोलणं, सगळं मी घरात बसून रचलं."

मावशी घाबरल्या. देवळाच्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी चटचट आपल्या दोन्ही गालांवर हात मारून घेतले. माझ्या वतीनं.

"आई, लेकराला पदरात घे," त्या भिंतीला म्हणाल्या. "शिकलेलं हाय, पर बोलून गेलं."