चांगुणाकाकीच्या चिनी सिरियली

चांगुणाकाकी टीव्ही बघायची ती आवाज पूर्ण बंद करून. लग्न होऊन मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात आले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात विरजण मागायला म्हणून शेजारच्या दारात उभी राहिले. दोन हाका मारल्या, उत्तर नाही. आत पन्नाशीला टेकलेली एक बाई मांडीवर परात घेऊन भिजवलेले वाल सोलत बसली होती. समोरच्या पडद्यावर लांब बाह्यांचे झगे घातलेली चिनी माणसं मुकाट्याने भांडत होती. मी पुढे गेले तशी तिने मान न वळवता माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस गो. हिला आता घराभायेर काढनार हायत."

पाच मिनिटांत त्या चिनी सुनेला खरोखरच बोचक्यासकट घराबाहेर काढलं. मी चकित होऊन विचारलं, "काकी, तुम्हाला चिनी कळतं?" तिने माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि खदखदून हसली.

"मना आयकूच येत नाय गो. आन तुना येतं, तरी काय उपेग?"

ते नव्वदच्या दशकातले सुरुवातीचे दिवस. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की आमची अष्टमी. तिथे अलीकडेच एका केबलवाल्याने गच्चीवर मोठी डिश बसवली होती. हिंदी चॅनलांच्या शेपटाला एक चिनी चॅनलही आपसूक यायचं. बाकीचे सगळे ते ओलांडून पुढे जात. काकी मात्र तिथेच थांबली. रोज संध्याकाळी साडेपाचला तिची सिरियल लागायची आणि त्या तासात तिच्या घरी कोणी चहा मागायचा नाही, असा नियमच होता.

"आपल्या सिरियलीत मानसा निस्ती बोलतान," ती म्हणायची. "उभी ऱ्हातान आन बोलतान. ही बग, ही डोल्यानी कामा करतान." तिचा आवाज फार मोठा होता. आपण किती मोठ्याने बोलतो हे तिला कळायला काही मार्ग नव्हता, त्यामुळे तिचं खाजगी बोलणंही चार घरं ऐकत. पण मला वाटतं, त्या चॅनलचं खरं कारण वेगळं होतं. हिंदी सिरियल लागली की सगळे एकदम हसत आणि ती एकटीच उशिरा हसे. चिनी सिरियलीपुढे आम्ही सगळ्याच बहिऱ्या होतो, आणि बहिऱ्यांमध्ये काकी सर्वांत हुशार होती.

हळूहळू आळीतल्या चार-पाच जणी साडेपाचला तिच्याकडे जमू लागल्या. काकी वाल सोलत किंवा तांदूळ निवडत आम्हाला गोष्ट सांगे. पात्रांची नावं तीच ठेवी आणि सिरियलीलाही तेच नाव पडे. एक होती 'औषधवाली'. राजाने बापाला कैदेत टाकल्यावर त्याचं जडीबुटीचं दुकान एकटी चालवणारी मुलगी. एक होती 'दोघी जावा', एकाच अंगणात राहून मधे भिंत घालणाऱ्या. आणि एक 'सरदार', जो लढाईहून नेहमी दोन दिवस उशिरा परते. सरदार घोड्यावरून उतरला की काकीचं तोंड कडू व्हायचं.

"सगला दादला उशिरानंच येतं," ती म्हणायची. नवरे सगळे असेच, उशिरा येणारे. ती हे काका समोर बसलेले असतानाही तितक्याच मोठ्याने म्हणे. काका धाटावच्या एका कंपनीत हेल्पर होते, चौथीपर्यंत शिकलेले, अबोल. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसत.

काकीचे कान कसे गेले ते मला शेजारणींकडून कळलं. ती पेणच्या खाडीकाठची, मिठागरावर जन्मलेली. शाळा खाडीच्या पल्याड, म्हणून कधी गेली नाही. लग्नानंतर एकदा माहेरी गेली असताना तिला ताप भरला. नवव्या दिवशी पेणच्या इस्पितळात नेलं तेव्हा ती बेशुद्ध होती. जीव वाचला, कान गेले. नवरा आला तो अकराव्या दिवशी. गाव काही विलायतेत नव्हतं. रोह्याहून एस.टी.ने दोन तासांची वाट. निरोप मिळूनही माणूस आला नाही, हे काकीच्या मनात जे बसलं ते बसलंच. बारा वर्षं ती त्यांना जेवायला वाढत होती, डबा देत होती, आणि त्यांच्याकडे पाहत नव्हती. बहिऱ्या माणसाने तोंड फिरवलं की समोरच्याचं बोलणं तिथेच संपतं.

दिवाळीच्या सुमारास तिने मला वही आणायला सांगितली. वर्षभरात बघितलेल्या सिरियलींचे नंबर काढायचे होते. मी लिहिणार, ती सांगणार. पहिला नंबर औषधवालीला. "ती रडतं तवा तिचं खांदं रडतान. निस्तं डोलं तर कोन पन पुसतं." दुसरा दोघी जावांना, कारण धाकटीने भिंतीला खिडकी पाडली. तिसऱ्या नंबरावर काय, म्हणून मी पेन्सिल धरून बसले, तर म्हणाली, "तिसरा कुनालाच नाय. लायकीच नाय."

"आणि सरदार?" मी ओठांनी नीट उच्चारून विचारलं.

"त्याला शून्य. मेला, आन तीन दिवसानी परत आला. असा मरून परत येतं काय कोन?"

औषधवालीचा शेवट जवळ आला तेव्हा एके संध्याकाळी कैदेतला म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला दाखवला. मुलगी धावत पोचली. म्हातारा काहीतरी बराच वेळ बोलला आणि गेला. आम्ही सगळ्या काकीकडे बघत होतो. ती म्हणाली, "काय बोलला?" असं तिने यापूर्वी कधीच विचारलं नव्हतं. मी खांदे उडवले. मग तिने पडद्याच्या तळाशी बोट लावलं. तिथे बोलण्याबरोबर चिनी अक्षरांची ओळ उमटायची आणि जायची. इतके महिने आम्ही ती नक्षीसारखी बघत होतो.

"ही अक्षरां कशाला येतान?"

मी म्हाताऱ्याच्या ओठांकडे बोट केलं, मग त्या ओळीकडे. तो बोलतो तेच खाली लिहून येतं. काकी माझ्या बोटाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"म्हंजे तिकडल्या बहिऱ्या बायला पन कललं, तिचा बाप काय बोलला."

मी मान हलवली. तिने परात बाजूला ठेवली. "माजी आय पन असाच बोलली," ती म्हणाली. "मराच्या आदी माजा हात धरून लय बोलली, पन ओठ धड हालत नव्हतं. मी भावाला विचारला, काय बोलली. तो हात हालवतं, काय नाय, काय नाय." मग म्हणाली, "मना वाचाला शिकव."

त्या सुमारास गावोगाव साक्षरतेचे वर्ग चालले होते. मी तिला पुलापलीकडे रोह्यातल्या वर्गावर घेऊन गेले. शिकवणाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना ऐकू येत नाही हो. बसवून काय करू?" काकीने त्याच्या मानेवरूनच ओळखलं. म्हणाली, "मी आयकाला नाय आले. वाचाला आले." तरी त्याने नाहीच घेतलं. परत येताना पुलावर ती मला म्हणाली, "तू मास्तरीन हायस ना? मंग?" मी डी.एड. झाले होते, नोकरी नव्हती. त्या दिवसापासून ती मला मास्तरीणच म्हणू लागली.

शिकवणं सोपं नव्हतं. मी 'प' म्हटलं, 'ब' म्हटलं, 'म' म्हटलं, तर तिला ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटलेले दिसत. पहिला महिना आम्ही तिथेच अडकलो. मी दोनदा तरी मनातून हार मानली. तिने मानली नाही. एके दिवशी तिने माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता बोल." मी ब म्हटलं, प म्हटलं. मग तिने बोट माझ्या नाकावर ठेवलं. मी म म्हटलं. तिचा चेहरा उजळला. "ह्यो गल्यात वाजतं. ह्यो नाकात वाजतं. ह्यो कुठंच नाय वाजत!" कानांनी नाही, पण हातांनी तिने बाराखडी ऐकली. पहिला शब्द तिनेच मागितला, मीठ. मग खाडी, मग आय. स्वतःचं नाव तिने शेवटी ठेवलं, कारण त्यात काना, अनुस्वार, उकार सगळंच होतं. जोडाक्षरांवर तिचा राग होता. "एकाच्या खांद्यावर दुसरा कशाला बसवता? पाय नायत त्याना?"

सिरियल चालू असताना मी खाली बसून पाटीवर लिहायची: 'आता काय होईल?' ती वाचून उत्तर देई. सुरुवातीला एक वाक्य वाचेपर्यंत मधल्या सगळ्या जाहिराती संपून जात. पुढच्या दिवाळीपर्यंत ती गडबडीतही वाचू लागली होती.

एका सकाळी ती चापूनचोपून नऊवारी नेसून माझ्या दारात आली. हातात पाटी. "चल. पेनला जायाचा हाय."

नागोठणे, गडब करत एस.टी. पेणला पोचली. तिथून टमटम, मग बांधावरून चालत. तिचा भाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत होता. बहिणीला बघून उठला, पाणी आणवलं, चहा सांगितला. काकीने काहीच घेतलं नाही. पाटी त्याच्या हातात दिली, खडू दिला.

"आय काय बोलली, ता लिव."

भाऊ माझ्याकडे बघू लागला. "वहिनी, जुनी गोष्ट हाय. कशाला उकरायची?" त्याने नेहमीसारखा हात हलवला, काय नाय. काकीने त्याचा तो हात मनगटाशी धरला आणि पाटीवर आणून ठेवला. "मी वाचतं आता," ती म्हणाली. "खोटा लिवलास तरी मना तुज्या मानंवरून कलंल."

भाऊ खाली बसला. किती तरी वेळ खडू हातात फिरवत राहिला. मग त्याने लिहिलं, आणि पाटी तिच्याकडे न बघता पुढे केली. काकीने एकेक अक्षरावर बोट ठेवत, तिच्या त्या दणदणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली, शेजारची माणसं कुडाजवळ थांबली.

"जाव... जावयाला... निरोप... मी धाडलाच नाय. मना वाटला... अंगाऱ्यानं ताप उतरंल. तुजं कान... माज्यापायी गेलं."

तिने पुन्हा वरून वाचलं, या वेळी मनातल्या मनात. भाऊ मला म्हणाला, "शेवटी भावजींना कुनी तरी बाजारात सांगितला म्हनून ते आले. आयनं मना शपथ घातली व्हती, माज्या मागारी हिला सांग. मी कसा सांगनार? हिला आयकू येत नाय, आन मेलेल्या आयची..." काकीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ती रडली नाही. म्हणाली, "च्या दे आता."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. पाटी तिने पुसली नव्हती. मांडीवर उलटी धरली होती. रोह्याच्या स्टँडपासून पूल ओलांडून आम्ही चालत आलो, ती माझ्या पुढे, झपाझप. काका पहिली पाळी करून घरी आले होते. तिने त्यांच्यासमोर पाटी धरली. ते वाचत असताना ती म्हणाली, "तुमाला निरोपच नव्हता." सगळ्या आळीने ऐकलं. काकांनी मान हलवली. नव्हता. मग तिने पाटी पुसली, खडूसकट त्यांच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच त्यांच्या समोर, त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. "बोला."

मी दारातूनच परतायला हवं होतं. पण मी उंबऱ्याशीच थांबले. काकांनी हळूहळू, चौथीतल्या मुलासारखं वळणदार लिहिलं. काकी 'रागावली'पाशी अडखळली, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वाक्य तिने स्वतःच पूर्ण केलं: 'मला वाटलं कान गेले म्हणून तू देवावर रागावली.'

"नाय वो," काकी म्हणाली. तिच्या आयुष्यातलं सर्वांत हळू वाक्य ते असावं. "तुमच्यावर."

त्यानंतर साडेपाचला काका ओट्यावर जायचे बंद झाले. पाटी घेऊन तिच्या शेजारी बसत. बोलायला त्यांच्याकडे फार काही नसे. 'ही बाई लबाड आहे' असलं काहीतरी लिहीत, आणि काकी म्हणे, "ता मना काल कलला." दीड-दोन वर्षांनी केबलवाल्याने ते चॅनल काढून एक हिंदी चॅनल घातलं. आम्ही बायका हळहळलो. काकी त्याच्याकडे भांडायला गेली, तो ऐकेना, तेव्हा परत येताना बाजारातून वर्तमानपत्र घेऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला तेच घेऊन बसू लागली.

पुढे माझ्या यजमानांनी चिपळूणकडे नोकरी धरली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढत असताना काकी माझ्या हाताला धरून एवढंच म्हणाली, "मास्तरीन, पत्र लिव. मोठ्या अक्षरात लिव. जोडाक्षर कमी टाक."

मी तसंच लिहीत गेले. तिची उत्तरं यायची, पोस्टकार्डावर चार-चार ओळींची, बहुतेक माझ्या चुका दाखवणारी. जोडाक्षर नसलेले शब्द शोधून पत्र लिहायचं म्हणजे काय कसरत असते, ते करून पाहावं. निम्मं बोलणं गाळावं लागतं आणि जे उरतं ते अगदी खरं असतं.

शेवटचं कार्ड आलं ते काकांच्या हातचं. चौथीचं वळणदार अक्षर, मोठं मोठं, आणि एकही जोडाक्षर नाही. त्यांनाही आता तशीच सवय लागली असावी.

'काकी गेली. दुपारी गेली. मी जवळ होतो.'