नातीचा रंग उजळला तेव्हा

“हिमोग्लोबिन चार पूर्णांक सहा आहे,” यवतमाळच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाई रिपोर्टवरची नजर न काढता म्हणाल्या. “बाळाला आज घरी नेता येणार नाही.”

माझी नात स्वरा तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. आईच्या, म्हणजे माझी सून पल्लवी हिच्या खांद्यावर मान टाकून ती निजल्यासारखी पडली होती, पण निजलेली नव्हती. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आम्हाला दाखवली. आत जी लाली असायला हवी होती ती नव्हती. मग त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला. “ऐका. झोपल्या जागी हिचं हृदय धावतंय.”

या स्थितीला त्यांनी ‘सिव्हिअर ॲनिमिया’ हे नाव दिले. रक्तातला तांबडा भाग इतका घटलेला की तेवढ्या रक्ताने शरीराला प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला दुप्पट कष्ट घ्यावे लागतात. कारण अजून शोधायचे होते.

मी दिग्रसच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. चारचौघांत बोलण्याचा मला पहिल्यापासून संकोच, आणि प्रयोगवहीपलीकडे काही लिहिण्याचा प्रसंग पासष्ट वर्षांत आला नाही. त्यामुळे हे कसे उतरेल याची खात्री नाही. परंतु ज्या घरी लहान मूल आहे आणि ते ‘दूध मात्र भरपूर पिते’, त्या घरातल्या कोणी हे वाचले तर बरे होईल, असे वाटते.

स्वराचे वडील, माझा मुलगा, नोकरीसाठी नागपूरला असतात आणि रविवारी येतात. पल्लवी ग्रामसेविका आहे. ती सकाळी नऊला निघते आणि दिवेलागणीला परतते. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. ती स्वयंपाक करते, पण मुलीच्या मागे धावणे तिला जमत नाही. म्हणून स्वराला भरवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते मी मोठ्या आनंदाने घेतले.

ते काम मला नीट येत नव्हते. दोन घास झाले की ती तोंड फिरवी, वरण थुंकून देई, रडे. मला रडणे सोसवत नसे. मग मी मोबाइलवर गाणी लावून दुधाची बाटली तिच्या हाती देई. ती शांत होई. मीही शांत होई.

दूध आमच्या अंगणातल्या म्हशीचे होते. माझे बालपण दिग्रसजवळच्या एका तांड्यावर गेले. आमच्याकडे तेव्हाही जनावरे होती, पण दूध आमच्या वाट्याला येत नसे. माझी याडी, म्हणजे आई, पहाटे धार काढी आणि सारे दूध गावातल्या हॉटेलात पोहोचते होई. धारेची कासंडी विसळलेले पांढुरके पाणी आम्हा भावंडांना मिळे. निवृत्त झाल्यावर मी म्हैस घेतली ती बहुधा त्यामुळेच. नात घटाघटा दूध पीत असे तेव्हा मी समोर बसून नुसता पाहत राही.

संध्याकाळी पल्लवी चपला काढता काढता विचारी, “बाबा, जेवली का स्वरा?”

“जेवली,” मी म्हणे.

एवढे दूध पोटात गेले म्हणजे जेवलीच, असा माझा हिशोब होता. तो खोटा आहे हे मला ठाऊक होते, असेही म्हणता येईल. कारण पत्नी त्या वेळी माझ्याकडे पाही आणि मी तिच्याकडे पाहत नसे.

पहिली खूण आम्हाला कौतुकाची वाटली. सहाएक महिन्यांत स्वराचा रंग उजळला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “पोट्टी गोरी होऊन राह्यली हो तुमची! तुमच्या खानदानात तर कोणी असं नाई!” पत्नी हसून म्हणाली, “म्हशीच्या दुधाची करामत हाये.” आम्ही स्वराची दृष्ट काढली. ते गोरेपण नव्हते, रक्त ओसरत होते.

दुसरी खूण अशी की, ती मागच्या भिंतीवरचे चुन्याचे पोपडे काढून खाऊ लागली. मी विचार केला, चुना म्हणजे कॅल्शियम, आणि दुधातही कॅल्शियम असते. म्हणून मी दुधाची आणखी एक बाटली वाढवली. एका रसायनशास्त्राच्या शिक्षकाने लावलेला हा तर्क आहे. माती, खडू, चुना असे न खाण्याजोगे खावेसे वाटणे याला ‘पायका’ म्हणतात आणि ते पुष्कळदा शरीरातल्या लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, हे मला रुग्णालयात कळले.

नंतर ती चालताना दमू लागली. दोन पावलांवर बसून “कडे घे” म्हणे. आम्हाला वाटले, लाडावली. सर्दीतापासाठी दिग्रसच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी तिचे तळहात उलटून पाहिले, रक्त तपासायला लावले आणि तासाभरात यवतमाळला जायला सांगितले.

आता पुन्हा यवतमाळच्या डॉक्टरांच्या त्या खोलीत येतो. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. “काल उठल्यापासून झोपेपर्यंत हिनं काय काय खाल्लं? क्रमानं सांगा.”

पल्लवी म्हणाली, “सकाळी दूध-बिस्कीट. दुपारी वरणभात, अर्धी पोळी. मी ड्युटीवर असते मॅडम, पण बाबा व्यवस्थित जेवू घालतात तिले.”

डॉक्टर लिहीत होत्या. मी म्हणालो, “दुपारी ती जेवली नव्हती.”

“परवा?”

“परवाही नाही.”

“मग काय घेतलं?”

मी पिशवीतून बाटली काढून मेजावर ठेवली. “दूध. ही एवढी, पाच वेळा. कधी सहा. आणि चार वाजता माझ्या चहात बुडवून बिस्किटं.”

“म्हणजे दिवसाला सव्वा-दीड लिटर,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “दुधात लोह जवळजवळ नसतंच. पोट त्यानंच भरतं, म्हणून मूल दुसरं खात नाही. शिवाय थोडंफार लोह पोटात गेलं तरी दूध आणि चहा ते अंगी लागू देत नाहीत. काही मुलांच्या आतड्यांतून इतक्या दुधानं नकळत थोडं थोडं रक्तही जातं.”

पल्लवी माझ्याकडे वळली. “मले तर रोज सांगत होते...” एवढेच म्हणाली आणि वाक्य सोडून दिले. त्यानंतर ती पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली.

रक्त देण्यापूर्वी एक नमुना निराळा काढून ठेवला गेला, ‘एचपीएलसी’ या तपासणीसाठी. हिमोग्लोबिनचे प्रकार तीत वेगवेगळे करून पाहतात. “आपल्या भागात सिकलसेल आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “थॅलेसेमियाही पाहावा लागतो. हे दोन्ही रक्ताचे आजार आईवडिलांकडून येतात आणि जन्मभर राहतात. दूध हे कारण दिसतंय, पण मी ते गृहीत धरणार नाही. चार दिवस लागतील.”

बालरुग्ण कक्षात आम्हाला खिडकीजवळची खाट मिळाली. स्वराची शीर सापडेना. चौथ्या टोचणीला सापडली. तोवर ती रडूनही थकली होती. दुपारी रक्तपेढीतून पिशवी आली. त्यात ‘पॅक्ड सेल’ होत्या, म्हणजे रक्तातला केवळ तांबड्या पेशींचा भाग. अगदी थोड्या, आणि त्याही थेंबाथेंबाने द्यायच्या, कारण दमलेल्या हृदयाला एकदम भार झेपत नाही. मी खाटेच्या पायथ्याशी बसून ते थेंब पाहत होतो.

“काका,” परिचारिका म्हणाली, “तुमी असे तोंड पाडून बसले तर पोरगी घाबरन ना. जा, चहा पिऊन या.”

“मी चहा सोडला,” मी म्हणालो.

“कधीपासून?”

“आज सकाळपासून.”

ती हसत दुसऱ्या खाटेकडे गेली. संध्याकाळी पत्नीचा फोन आला. घाबरली की ती टोमणे मारते. “कालिजात पोट्ट्यायले जन्मभर लोखंड शिकवलं, अन् घरच्या पोट्टीच्या आंगात लोखंड नाई! काय उपयोग त्या शिकल्याचा?” मग तिचा आवाज फुटला आणि तिने फोन ठेवला.

डॉक्टरांनी बाटली बंद केली होती. दूध दिवसाला दोन कप, तेही कपानेच, आणि जेवणाच्या वेळी मुळीच नाही. पहिले दोन दिवस स्वरा “दूदू, दूदू” करीत राहिली. पल्लवीने आणलेली खिचडी तिने उडवून लावली. मी मोबाइल काढला, तर पल्लवीने तो माझ्या हातातून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

शेजारच्या खाटेवर महागाव तालुक्यातल्या एक बाई आपल्या तापलेल्या मुलाला घेऊन होत्या. दोन दिवस त्यांनी माझी धडपड पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आजोबा, तुमी काहून एवढे तिच्या मांगं लागता जी? भूक तर लागू द्या लेकराले. तुमच्या त्या ‘एक घास, एक घास’नंच पोट भरत असन तिचं!”

कक्षातल्या दोघी-तिघी हसल्या. त्या बाई आपल्या जेवणाला बसल्या. ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी होती. त्यांनी कोणाला बोलावले नाही. स्वरा खाटेच्या कडेला सरकली, सलाइनचा हात सांभाळत पाहत राहिली आणि मग दुसरा हात पुढे केला. बाईंनी भाकरीचा तुकडा भाजीला लावून तिच्या हातात ठेवला. तो तिने चावून चावून खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला.

पल्लवी दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

त्या चार दिवसांतली एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी फार विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी कक्षाबाहेरच्या बाकावर बसलो असता माझ्या मनात आले, अहवालात सिकलसेल निघाला तर? मग हे माझ्यामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. क्षणभर, खरोखर क्षणभर, मला ते निघावेसे वाटले. नातीला जन्मभराचे दुखणे लागावे आणि आपण सुटावे, असा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. मी उठून नळाखाली तोंड धुतले. हे आजवर मी कोणालाही सांगितलेले नाही. पल्लवी हे वाचेल तेव्हाच तिला कळेल.

चौथ्या दिवशी अहवाल आला. सिकलसेल नाही, थॅलेसेमिया नाही. ‘फेरिटिन’, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. “दूधच,” डॉक्टर म्हणाल्या. “हे बरं होणारं आहे, काका. पूर्ण बरं होणारं.” मी हात जोडले.

घरी आल्यावर पल्लवीने तीन महिन्यांची रजा घेतली. लोहाचे औषध सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. दुधाबरोबर ते कधीच द्यायचे नाही. औषधाने शी काळी होते, हे आधी सांगितले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. जेवायला सगळे एकत्र खाली बसू लागलो. स्वराला तिचे वेगळे ताट. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, भिजवून उकडलेले हरभरे, एक दिवसाआड अंडे. ती खाईल तेवढे खाईल, उरलेले उचलायचे, कोणी आग्रह करायचा नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्या आठवड्यात ताटातले निम्मे जमिनीवर सांडे. महिन्याभरात तिने भिंतीकडे जाणे आपणहून सोडले.

हे सारे पल्लवी करी. माझ्याकडे म्हैस राहिली. जादा दुधाचे दही लावून मी शेजारी वाटत असे. स्वरा माझ्याकडे आली तरी मी तिला कडेवर घ्यायला कचरत असे.

महिन्याने हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार झाले आणि तिसऱ्या महिन्यात अकराच्या वर गेले. साठा भरावा म्हणून औषध आणखी काही महिने चालू ठेवायचे होते. तिचे तळहात आता गुलाबी दिसतात. रंग पूर्वीसारखा सावळा झाला आहे, माझ्या याडीसारखा. कोणा अनोळखी माणसाने दिलेले रक्त तिच्या अंगात मिसळले आहे. त्याचे नाव मला कधी कळणार नाही, पण त्याच्यासाठी मी रोज हात जोडतो. भाकरीचा तुकडा देणाऱ्या त्या बाईंचे नावही मी संकोचाने विचारले नाही, याची खंत आहे.

तुमच्या घरचे मूल फिकट दिसत असेल, लवकर दमत असेल, माती-चुना खात असेल, तर त्याच्या पापणीच्या आत पाहा आणि डॉक्टरांकडे न्या. ते दूध किती पिते हे सांगताना अभिमान बाळगू नका, आणि काय खात नाही हे लपवू नका.

पल्लवीची रजा संपली. तिची आई पुसदहून फोन करून म्हणत होती, “पोरीले इकडे आणून ठेव.” ते मी ऐकले होते आणि ते योग्यच आहे असे मला वाटत होते. निघायच्या सकाळी मी मुद्दामच गोठ्यात रेंगाळलो.

पल्लवी तिथे आली. तिच्या कडेवर स्वरा होती. “बाबा, मी निघते. वरणभात झाकून ठेवला, निंबू कापून ठेवलं. नाई खाल्लं तर नाई खाल्लं. मले फक्त खरं सांगा.” आणि तिने मुलगी माझ्याकडे दिली.

संध्याकाळी ती आली. तिने विचारण्याची मी वाट पाहिली नाही. “चार घास खाल्ले,” मी म्हणालो. “पाचवा थुंकला. माझ्या सदऱ्यावर.”

पल्लवीने सदऱ्याकडे पाहिले. खरोखरच पिवळा डाग होता. ती हसू लागली, आणि तिला हसताना पाहून स्वराही. माझ्यासमोर पल्लवी हसत होती, इतक्या महिन्यांनी.